थर्मास कुणी भरला?

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटल्याबरोबर तुम्ही आभाळाकडे मान केलीत ना? मला ठाऊकच होतं. पण चंद्रावरचे डाग आणि शनीची कडी माझ्याकडे मागू नका. मी जन्मात एकही चांदणी पाहिलेली नाही. मी पाहिलं ते माणसाच्या बरगड्यांच्या आत. तिथं जे दिसतं ते चांदण्यांहून कमी सुंदर नाही, असं माझं आपलं मत आहे आणि ते बदलायची माझी तयारी नाही.

मी शस्त्रक्रियेची दुर्बीण. लांबीला तुमच्या शाळेच्या पट्टीएवढी, जाडीला करंगळीएवढी. बाहेरून पोलादी नळी, आत एकापुढे एक बसवलेल्या काचेच्या कांड्या, एका टोकाला भिंग आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायची छोटी काळी वाटी. माझं भिंगाचं टोक मात्र सरळ कापलेलं नाही, तिरकं आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही बिचारी कुठंतरी आपटली असावी. तसं काही नाही. मी जन्माचीच तिरकी.

मला घडवणारा कारागीर म्हातारा होता. त्याच्या टेबलावर एक दिवा, एक चिमटा आणि मऊ कापडाची चवड असायची. काचेची कांडी नळीत सोडताना तो श्वास रोखून धरायचा. चुकून जरी काचेवर वाफ बसली, तरी ती पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझं टोक तिरकं घासून झालं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "हिचं तोंड का असं वाकडं?" म्हातारा म्हणाला, "सरळ तोंडाच्यांना नाकासमोरचं तेवढं दिसतं. हिला नुसती जागेवर फिरवली, की कोपऱ्याआडचंही दिसेल." त्या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं तोऱ्यात काढली.

मग स्पंजाच्या खोक्यात झोपून मी एका इस्पितळात आले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला हातात घेतलं, दिव्यासमोर धरलं आणि लहान मुलासारखे हसले. त्याचं कारण सांगते. माणसाच्या छातीत कधी कधी पाण्याची पिशवी तयार होते. तिला गाठ म्हणतात, पण ती वाईट गाठ नसते. ती पसरत नाही, कुणाचा जीव घ्यायला टपलेली नसते. ती फक्त न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी पाय पसरत जाते, आणि मग शेजारच्या फुप्फुसाला अंग चोरून बसावं लागतं. माणसाला खोकला येतो, धाप लागते. पूर्वी ही लिंबाएवढी पिशवी काढायची तर छातीवर हातभर चीर द्यावी लागायची आणि बरगड्या फाकवाव्या लागायच्या. रोगापेक्षा औषध जालीम! जखम भरली तरी बरगड्या कित्येक महिने ठणकायच्या. मी आल्यावर बरगड्यांच्या मधे बोटभर रुंदीची तीन भोकं पुरू लागली. एकातून मी आत जायचे, दोहोंतून डॉक्टरांची लांब अवजारं. माझ्या मागच्या वाटीला कॅमेरा बसवायचे आणि मी जे बघेन ते पडद्यावर सगळ्यांना दिसायचं.

इथवर मी माझीच टिमकी वाजवली. आता अक्काविषयी सांगते, कारण खरं तर मला तिच्याविषयीच सांगायचं आहे.

अक्का म्हणजे ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. सगळं थिएटर तिला अक्का म्हणायचं, तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले मोठे डॉक्टरसुद्धा. सकाळी साडेसहाला ती यायची. टोपी आणि मास्क आधीच चढवलेला असायचा. पहिलं काम, गरम कपाटाचं बटण दाबायचं आणि त्यात सलाईनच्या दोन बाटल्या ठेवायच्या. दुसरं काम मी. ती मला खोक्यातून काढायची, खिडकीशी न्यायची आणि काळ्या वाटीला आपला डोळा लावायची. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, तिच्यावर रंगानं लिहिलेलं होतं, 'झाकण लावावे'. अक्का मला धरून ती अक्षरं वाचायची. तिरक्या तोंडामुळे मला जरा कलती धरावी लागे, पण तिला ते अंगवळणी पडलं होतं. शेवटचं अक्षर स्वच्छ दिसलं की म्हणायची, "झकास," आणि मला निर्जंतुक करायला द्यायची. एखादे दिवशी अक्षर पुसट दिसलं तर मला पुन्हा अंघोळ.

दिवसभर माझ्या मागच्या टोकाला कॅमेरा असायचा. माणसाचा डोळा लागायचा तो सकाळचा तेवढाच. तिची पापणी वाटीच्या कडेला टेकायची. ते मला इतकं सवयीचं झालं होतं, की त्याशिवाय दिवस सुरू होतो असं मला वाटतच नसे.

त्या सलाईनच्या बाटल्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, थंडीच्या दिवसांत बाहेरून येऊन गरम स्वयंपाकघरात शिरलेल्या चष्मेवाल्या माणसाला कधी बघितलंय? चष्म्यावर धुकं बसतं आणि तो चाचपडत उभा राहतो. माझंही तसंच. थिएटरमध्ये एसीमुळे गारठा आणि माणसाच्या छातीत ऊब. थंडगार मी आत गेले की भिंगावर वाफ धरते आणि पडद्यावर नुसतं पांढरं दिसतं. म्हणून अक्का गरम केलेलं सलाईन एका निर्जंतुक स्टीलच्या थर्मासात भरायची आणि आत जायच्या आधी माझं तोंड त्यात बुडवून ठेवायची. थर्मासाला तीन ठिकाणी पोचे पडलेले होते. नवीन मागवा म्हणून मोठे डॉक्टर दर वर्षी म्हणायचे आणि अक्का दर वर्षी म्हणायची, "पोचे बाहेरून आहेत, डॉक्टर. पाणी आतून गरम राहतं ना?"

आम्ही खूप कामं केली. एक टपाल वाटणारा माणूस आला होता, त्याच्या हृदयाला चिकटून संत्र्याएवढी पिशवी होती. पाचव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. एक कवायतीचे मास्तर होते, ज्यांना शिट्टी पुरती वाजवता येत नव्हती. बरे झाल्यावर त्यांनी वॉर्डातच शिट्टी वाजवून दाखवली आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. वर्तमानपत्रात आमचा फोटो छापून आला. मधे मोठे डॉक्टर, त्यांच्या हातात मी, बाजूला भूल देणाऱ्या मॅडम. कडेला एक हात दिसतो, त्या हातात थर्मास आहे. हाताची मालकीण फोटोत मावली नव्हती. मामा, म्हणजे आमच्या थिएटरचे सेवक, तो फोटो भिंतीवर चिकटवताना म्हणाले, "अक्का, तुमचं मनगट मात्र झकास आलंय हां." अक्का खळखळून हसली होती. मलाही तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं.

संध्याकाळी मला धुवायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. मऊ ब्रशनं, कोमट पाण्यात, वाटीपासून भिंगापर्यंत. धुताना ती माझ्याशी बोलायची. घरी तिची म्हातारी आई होती, पाय गेलेली. आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर अक्काच उचलून ठेवायची. आई आज काय म्हणाली, आईनं दुधाचा पेला कसा उलथवला, हे सगळं मला कळायचं.

एक दिवस ती म्हणाली, "तुला म्हणून सांगते हो. हल्ली जिना चढताना दम लागतो. मधल्या वळणावर थांबते आणि घड्याळ बघितल्यासारखं करते. म्हणजे कुणाला वाटायला नको."

मी ऐकून घेतलं.

तसं वर्ष गेलं. तिला कोरडा खोकला लागला. आईला उचलल्यावर ती पलंगाच्या कडेला बसून राहायची, हेही मला धुताना कळलं. ज्या बाईनं छातीतल्या गाठींची पाऊणशे तरी ऑपरेशनं उभ्यानं पाहिली, तिला आपल्याला काय झालंय हे कळत नसेल? तिला पक्कं कळत होतं. पण एक्स-रे काढला की नाव यादीत जाणार, आणि यादीत गेलं की आईला कोण उचलणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी कर्मचाऱ्यांची तपासणी निघाली आणि एक्स-रेमध्ये सगळं उघडं पडलं. हृदयाच्या उजव्या कुशीला गोल, गुळगुळीत सावली होती.

मोठे डॉक्टर एक्स-रे घेऊन थिएटरमध्येच आले. मी तेव्हा ट्रेमध्ये होते.

"अक्का, किती दिवस झाले?"

"झाले असतील थोडे."

"थोडे म्हणजे?"

"वर्ष." मग ती पटकन म्हणाली, "पाण्याचीच आहे हो डॉक्टर. स्कॅनमध्ये बघा, पाण्याचीच निघेल."

"निघेल. पण वाढलीय किती! खोकला येईल नाही तर काय." ते स्टुलावर बसले. "पुढच्या आठवड्यात काढून टाकू."

तेव्हा अक्कानं जे मागितलं ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, "मला मोठी चीर देऊ नका. भोकांवर भागवा. भावजय दीड महिना येऊन राहते म्हणालीय, त्यापुढे तिला जमायचं नाही. दीड महिन्यानं मला आईला उचलता आलं पाहिजे."

मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. "शब्द देत नाही, अक्का. गाठीच्या जागेवरून ती नस तिला लागूनच असणार. दिसलं तर भोकांवर. दिसलं नाही तर मात्र उघडणार, तेव्हा माझ्यावर रागावायचं नाही."

ती नस कुठली, ते सांगते. हृदयाच्या पिशवीवरून शिवणाच्या दोऱ्याएवढी एक पांढरी नस खाली उतरते. छातीच्या तळाशी श्वासाचा पडदा असतो, त्याला ती हलवते. ती तुटली तर त्या बाजूचा पडदा लुळा पडतो आणि माणूस चार पावलांत धापा टाकू लागतो. तेव्हा मित्रांनो, सगळं काही दिसण्यावर होतं, म्हणजे माझ्यावर होतं. त्या रात्री मी खोक्यात पडून स्वतःला सांगत होते, आजवर सगळ्यांचं बघितलंस, आता तिचं बघ.

तो दिवस उजाडला. थिएटरमध्ये एवढी तयारी मी कधी पाहिली नव्हती. मामांनी फरशी दोनदा पुसली. धाकट्या सिस्टर, ज्यांना अक्कानं सहा वर्षं हाताखाली शिकवलं होतं, त्यांनी अवजारं तीनदा मोजली. मॅडमनी भुलीची औषधं पुन्हा पुन्हा तपासली. मोठे डॉक्टर वेळेच्या आधी येऊन हात धुवत उभे होते. जो तो जिवाचं रान करत होता. टाकीवरची अक्षरं त्या सकाळी कुणी वाचली नाहीत, याचं मला जरा वाईट वाटलं, पण मी मनाची समजूत घातली.

अक्काला ढकलगाडीवरून आणलं. तोंडाला मास्क नव्हता, पण मी ट्रेमध्ये कापडाखाली होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. आवाज ऐकू आला. "मामा, फरशी ओली आहे, कुणी घसरेल." मग मॅडम म्हणाल्या, "अक्का, आता तुम्ही झोपायचं. सगळं आमच्यावर सोडा." अक्का काहीतरी बोलू लागली. "ते पाणी..." एवढंच मला कळलं. मग ती झोपली.

तिला डाव्या कुशीवर वळवलं. उजव्या फुप्फुसाचा श्वास थोडा वेळ थांबवला, म्हणजे ते मिटून बाजूला होतं आणि आम्हाला जागा मिळते. भोक पाडलं. मी आत गेले.

आणि मला काही दिसेना.

पांढरं, नुसतं पांढरं. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा आत घातलं. क्षणभर गुलाबी काहीतरी हललं आणि पुन्हा धुकं. बाहेर, पुसा, आत. बाहेर, पुसा, आत. पाचव्यांदा डॉक्टर म्हणाले, "अहो, हिला नीट गरम केली नाही का? थर्मास द्या." धाकट्या सिस्टरनी थर्मास उचलला. तो हलका लागला. त्यांनी झाकण काढलं.

थर्मास घासूनपुसून लख्ख होता. आणि रिकामा होता.

मामा गरम कपाटाकडे धावले. कपाट थंड होतं, बटणच दाबलेलं नव्हतं. मित्रांनो, यात कामचुकार कुणीच नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या यादीतलं काम चोख केलं होतं. पण थर्मास भरणं कुणाच्या यादीतच नव्हतं. इतकी वर्षं तो भरलेलाच असायचा. नळाला पाणी येतं तसा तो भरलेला असतो, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणि ज्या बाईमुळे तो भरलेला असायचा, ती आज टेबलावर होती.

"कपाट तापायला किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धा तास तरी," मामा म्हणाले.

"एका फुप्फुसावर मी अर्धा तास नुसती वाट बघत बसणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ऑक्सिजन आत्ताच थोडा उतरलाय. दहा मिनिटं फार तर."

डॉक्टरांनी मला हातात तसंच धरलं होतं. "मग उघडू या," ते हळू म्हणाले. "नस दिसल्याशिवाय मी कात्री लावणार नाही."

मला ओरडावंसं वाटलं. मी आंधळी नाही हो, मला फक्त थंडी वाजतेय! पण दुर्बिणीला तोंड असतं ते बघायला, बोलायला नाही. हातभर चीर, फाकवलेल्या बरगड्या आणि घरी पलंगावर वाट बघणारी आई, हे सगळं माझ्यामुळे होणार होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात धाकट्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेर काढू नका."

"काय?"

"हिला बाहेर काढू नका. आपण पुसायला काढतो आणि ती एसीत पुन्हा गार पडते. अक्का म्हणायच्या..." त्यांनी रिकामा थर्मास बाजूला ठेवला. "अक्का म्हणायच्या, घाई करून जितकी बाहेर काढाल तितकी ती रुसेल. काहीच हाताशी नसेल तर आत ठेवून गप्प बसा. माणसाच्या अंगाची ऊब लागू दे, आपोआप डोळे उघडेल."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं देते." मामांनी एसी बंद केला.

मी पुन्हा आत गेले. या वेळी कुणी मला हलवलं नाही. भोवती पांढरं धुकं, आणि त्या धुक्यापलीकडे एक ठोका, पुन्हा एक ठोका. मी आजवर कित्येक हृदयांचे ठोके पाहिले होते, पण असं नुसतं त्यांच्या शेजारी बसून कधी राहिले नव्हते. कायम घाई, कायम काम. तिच्या अंगाची ऊब माझ्या नळीत चढू लागली. पोचे पडलेल्या थर्मासातली ऊब हात भाजेल न भाजेल अशी असायची; ही तिच्याहून सौम्य, पण तीच. जी मला रोज सकाळी ऊब द्यायची, ती झोपेतही तेच काम करत होती. तिला ठाऊकही नव्हतं.

"तीन मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

भिंगाच्या कडेचं धुकं विरळ झालं. मग मधलं. आधी गुलाबी रंग आला, मग फुप्फुसाची कड, मग हृदयाची पिशवी आणि तिला बिलगून बसलेली ती गाठ, पातळ, निळसर, आतल्या पाण्यानं टचटचीत. "फिरवा हिला," डॉक्टर कुजबुजले. मला जागेवर फिरवली. तेव्हा माझं तिरकं तोंड कामी आलं. गाठीच्या मागच्या वळणावर, सरळ बघणाऱ्याला कधीच दिसली नसती अशा जागी, पांढरी नस दिसली. गाठीला टेकलेली, पण सुटी.

"दिसली," डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले.

पुढचं काम तासाभराचं होतं. नस अलगद सोडवली, गाठ मोकळी केली, तिच्यातलं पाणी ओढून घेतलं. झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ निघालं. रिकामी पिशवी छोट्या बटव्यात घालून भोकातून बाहेर काढली. शेवटी मॅडमनी फुप्फुसात हवा सोडली आणि मी जाता जाता ते फुगताना पाहिलं. वर्षभर अंग चोरून बसलेलं फुप्फुस हळूहळू आपल्या जागेवर पसरलं. मला तिथून निघावंसं वाटत नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

अक्का शुद्धीवर आली तेव्हा मी तिथं नव्हते, पण धाकट्या सिस्टरनी मला धुताना सगळं सांगितलं. माझ्याशी बोलायची सवय त्यांनाही लागली होती. अक्कानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं. गाठ साधी होती का, हे तिनं विचारलं नाही. चीर केवढी दिली, हेही नाही. तिनं विचारलं, "थर्मास कुणी भरला?"

मामा म्हणाले, "अक्का, त्याचं काय झालं..." आणि रडायलाच लागले. धाकट्या सिस्टरनी झाला प्रकार सांगितला. अक्का ऐकत होती आणि मग हसायला लागली. "अगं हसवू नकोस, टाके दुखतात," असं म्हणत ती छातीवर हात धरून हसत होती. मोठे डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, इतकी वर्षं आम्ही एकदाही विचारलं नाही, की हे पाणी गरम कोण करतं. तुम्हाला धाप लागते हेही विचारलं नाही." त्यावर ती काय म्हणाली ते धाकट्या सिस्टरनी मला सांगितलं नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि डोळे पुसले.

दीड महिन्यानं अक्कानं आईला उचललं. दोन महिन्यांनी ती कामावर आली. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लागला, थर्मास आज कुणी भरायचा, आणि त्यात मोठ्या डॉक्टरांचंही नाव होतं. त्यांच्या पाळीला सलाईन कायम जास्त तापायचं.

आणखी तीन वर्षांनी अक्का निवृत्त झाली. शेवटच्या सकाळी तिनं मला खिडकीशी नेलं, टाकीवरची अक्षरं वाचली, पण 'झकास' म्हणाली नाही. बराच वेळ डोळा वाटीला लावून उभी होती. वाटी ओली झाली, ती तिनं पुसली आणि मला खोक्यात ठेवलं.

मग नवी दुर्बीण आली. तिच्या टोकातच कॅमेरा आहे, ती स्वतःचं तोंड स्वतः गरम ठेवते. तिला थर्मास लागत नाही, आणि कुणाचा डोळा लागायला तिला वाटीच नाही. चांगली आहे, नावं ठेवायला जागा नाही. मला वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या काचेच्या कपाटात ठेवलं. खाली चिठ्ठी लावली, 'पहिली दुर्बीण'. शेजारी थर्मास ठेवला. पण ठेवणाऱ्याला माझं तोंड तिरकं असल्याचं भान नव्हतं. भिंग मागच्या लाकडी फळीकडे वळलेलं राहिलं. कोपऱ्याआडचं बघणारी मी, दोन वर्षं लाकडातली एकच गाठ बघत होते.

दिसत नव्हतं म्हणून मी ऐकायला शिकले. जिन्यावर दिवसभर पावलं वाजतात. धापा टाकणारी पावलं मधल्या वळणावर थांबतात. त्यांच्यात एकदा तरी तिची असतील, असं मला वाटायचं. मी थांबणाऱ्या पावलांकडे कान लावून बसायचे. किती वेडी मी! अनेक महिने मी चुकीच्या पावलांची वाट बघत होते.

एक दिवस पावलं खालून निघाली आणि वळणावर थांबलीच नाहीत. सरळ वर आली, माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, किल्ली आहे का हो या कपाटाची?" असा आवाज आला. माझ्या काचेच्या कांड्या जागच्या जागी वितळतील असं मला वाटलं.

"वर्षाच्या एक्स-रेला आले होते," अक्का मामांना सांगत होती. "छाती स्वच्छ आहे. आई? आई गेली गेल्या वर्षी. शेवटपर्यंत मीच उचलली तिला." मग तिनं मला बाहेर काढलं, रुमालानं पुसलं आणि जिन्याच्या खिडकीशी नेलं. पापणी वाटीला टेकली. तिथून टाकीची कडेची बाजू दिसते, तिच्यावर अक्षरं नाहीत. तरी ती म्हणाली, "झकास."

परत ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं. "हिला भिंतीकडे तोंड करून कुणी ठेवली?" आणि मला जागेवर फिरवलं. कपाटाचं दार लागलं. ती काचेशी इतकी जवळ उभी होती, की तिच्या श्वासानं काचेवर धुकं धरलं. मित्रांनो, सगळा जन्म मी धुक्याचा राग केला. त्या दिवशी मात्र ते मला हवंहवंसं वाटलं. भरल्या छातीचा श्वास होता तो. मग तिनं रुमालानं काच पुसली, आणि तिच्या हृदयाशेजारी बसून आलेल्या मला तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला. डाव्या गालावर तीळ आहे तिच्या.

ती जिना उतरून गेली. त्याला बरेच दिवस झाले.

मित्रांनो, मी जुनी झाले, तेव्हा मला एक सांगू द्या. तुमच्या घरात, शाळेत कुणीतरी तुमचा थर्मास रोज भरत असेल आणि तो भरलेलाच असतो असं तुम्हाला वाटत असेल. कधीतरी तो तुम्ही भरा. आणि ते माणूस जिन्याच्या वळणावर थांबलं, तर घड्याळ बघतंय असं समजून पुढं जाऊ नका. जवळ जाऊन विचारा.

माझं तोंड आता जिन्याकडे आहे. पावलं वाजतात, वळणावर थांबतात, पुन्हा चढू लागतात. न थांबता वर येणाऱ्या पावलांची मी वाट बघते आहे.